बैठक मांडीची, दोरी पोटरीच्या हाती

व्यायामशाळेत स्क्वॉट मारणाऱ्याकडे पाहिले, तर सगळ्यांचे लक्ष मांडीवर आणि गुडघ्यावर असते. ‘पाठ सरळ ठेवा’, ‘गुडघे आत येऊ देऊ नका’, ‘मांडी जमिनीला समांतर येऊ द्या’ अशा सूचना चालू असतात. पोटरीचे नाव त्यात क्वचितच निघते. मात्र पुष्कळ जणांची बैठक बिघडते ती गुडघ्याच्या खालीच. कुणाची टाच जमिनीवरून उचलली जाते, कुणी अर्ध्यावर पोहोचताच मागे कलंडतो, तर कुणाचे धड इतके पुढे वाकते की चार बैठकांतच कंबर बोलू लागते. ‘मांड्यांत जोर नाही’ असे निदान होते, मांडीचे आणखी व्यायाम दिले जातात आणि तक्रार तशीच राहते.

बैठकीत शरीर वर उचलण्याचे मुख्य काम मांडीचे आणि नितंबाचे स्नायू करतात, यात वाद नाही. पण किती खाली जाता येईल, तोल कुठे राहील आणि भार गुडघ्यावर जास्त पडेल की कमरेवर, हे बऱ्याच अंशी घोटा आणि पोटरी ठरवतात. वयाच्या पन्नाशीत उकिडवे बसता येईनासे झाले, म्हणजे गुडघे गेले असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. कित्येकदा दोष गुडघ्याचा नसतो, आखडलेल्या घोट्याचा असतो.

पोटरीत असते काय?

पोटरी म्हणजे एकच स्नायू असा समज असतो. प्रत्यक्षात तिथे दोन मोठे स्नायू एकावर एक बसलेले असतात. वरचा, त्वचेखाली फुगीर दिसणारा, तो गॅस्ट्रोक्नेमियस. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ ‘पायाचे पोट’ असा होतो, आणि मराठीतल्या ‘पोटरी’तही पोट आहेच. त्याच्या खाली दडलेला दुसरा, रुंद आणि चपटा, तो सोलियस. त्याचे नाव चपलेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आले. दोघेही खाली एकाच जाड कंडरेत मिळतात आणि टाचेच्या हाडाला जोडले जातात. टाचेच्या वर मागच्या बाजूला चिमटीत धरता येते ती हीच अॅकिलिस कंडरा.

दोघांचे शेवटचे टोक एक असले, तरी सुरुवात वेगवेगळी आहे, आणि बैठकीच्या दृष्टीने हाच फरक महत्त्वाचा. गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून निघतो. म्हणजे तो गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो. सोलियस गुडघ्याच्या खालून निघतो आणि फक्त घोटा ओलांडतो. सोलियसमधले बहुतेक तंतू सावकाश आकुंचन पावणारे, पण सहज न थकणारे असतात. माणूस रांगेत तासभर उभा राहू शकतो, त्यात या स्नायूचा मोठा वाटा असतो.

नडगीच्या पुढच्या बाजूला, हाडाच्या किंचित बाहेर, टिबियालिस अँटिरियर हा स्नायू असतो. तो पाऊल वर उचलतो. टाचांवर चालून पाहिले की लगेच जाणवतो. पायाच्या बाहेरच्या बाजूने पेरोनियल स्नायू उतरतात, तर पोटरीच्या अगदी आत, हाडांना चिकटून टिबियालिस पोस्टिरियर असतो. हे दोघे पावलाची कमान सांभाळतात आणि पाऊल आत-बाहेर कलू देत नाहीत.

खाली जाताना

बैठक मारताना कंबर मागे आणि खाली जाते. तोल टिकायचा, तर शरीराच्या वजनाची रेषा पावलांच्या आतच पडली पाहिजे. कंबर मागे गेली की भरपाई म्हणून काहीतरी पुढे यावेच लागते. त्याला दोनच वाटा आहेत : गुडघे पुढे येणे किंवा धड पुढे वाकणे. गुडघा पुढे यायचा, तर नडगी घोट्यातून पुढे झुकली पाहिजे. साधे चालताना घोट्याचे हे वाकणे १० अंशांच्या आसपास पुरते. टाच टेकवून पूर्ण उकिडवे बसायला मात्र ते ३० अंशांहून अधिक लागते.

खाली जाण्याच्या सुरुवातीला नडगीवरचा टिबियालिस अँटिरियर नडगीला पुढे ओढायला मदत करतो. एकदा ती झुकू लागली की खरी जबाबदारी सोलियसवर येते. शरीराचा भार घोट्याच्या पुढे, पावलाच्या मध्यावर पडत असतो. सोलियसने पकड सोडली, तर नडगी पुढे कोसळेल. म्हणून तो एकीकडे लांब होत जातो आणि त्याच वेळी मागे खेचतही राहतो. आडात पोहरा सोडताना दोर एकदम सोडत नाहीत. हाताने ताण ठेवत थोडा थोडा सैल करतात. सोलियस नेमके तेच करतो. स्नायूचे असे ताणत ताणत केलेले काम दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी पोटरी ठणकते ती बहुधा याच कामामुळे.

गॅस्ट्रोक्नेमियसची गोष्ट वेगळी. गुडघा वाकला की वरच्या टोकाकडून तो सैल पडतो आणि घोटा वाकला की खालच्या टोकाकडून ताणला जातो. एकाने दिले, दुसऱ्याने घेतले, असा हिशेब होऊन त्याची लांबी फारशी बदलतच नाही. त्यामुळे खोल बैठकीत अडवणूक करतो तो सहसा सोलियस किंवा घोट्याचा सांधा. व्यायामापूर्वी भिंतीला हात लावून, मागचा पाय सरळ ठेवून पोटरी ताणण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्यात ताण बसतो तो मुख्यतः गॅस्ट्रोक्नेमियसला. म्हणूनच महिनोन्महिने असा ताण देऊनही काहींची बैठक इंचभरही खाली जात नाही.

वर येताना

वर उठताना मांडीचा पुढचा स्नायू गुडघा सरळ करतो आणि नितंबाचे स्नायू कंबर उघडतात. सोलियस गुडघ्याला स्पर्शही करत नाही, तरी तो गुडघा सरळ करायला हातभार लावतो. पाऊल जमिनीवर रोवलेले असते. अशा वेळी सोलियस आखडला की पुढे झुकलेली नडगी मागे, उभ्या स्थितीकडे खेचली जाते. नडगीचे वरचे टोक म्हणजेच गुडघा. नडगी मागे आली की गुडघाही सरळ होऊ लागतो. ज्येष्ठ नागरिकांना खुर्चीतून उठताना जड जाते, तेव्हा मांडीबरोबर पोटरीचाही विचार का करावा, याचे उत्तर इथे आहे.

या सगळ्या हालचालीत पेरोनियल आणि टिबियालिस पोस्टिरियर बाजूने सांभाळून घेत असतात. तंबूच्या दोन बाजूंचे ताणलेले दोर खांबाला उभे ठेवतात, तसे. त्यातला आतला दोर ढिला पडला की कमान बसते, पाऊल आत कलंडते आणि त्यामागोमाग गुडघाही आत येतो.

घोटा अडला की भार कुठे जातो?

घोटा आखडलेला असला तरी शरीर बैठक पुरी करतेच, पण आडवाटेने. पहिली वाट म्हणजे टाच उचलणे. दुसरी, धड जास्त वाकवणे. तिसरी, पाऊल आत कलंडवून गुडघे एकमेकांकडे नेणे. अमेरिकेतील संशोधकांनी २०१२मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांच्या चवड्याखाली उतरती फळी ठेवून घोट्याला वाकायला मुद्दाम कमी जागा दिली आणि बैठका मारायला लावल्या. माणसे तीच, ताकद तीच. तरीही त्यांचे गुडघे आत येऊ लागले, मांडीच्या स्नायूचे काम कमी झाले आणि सोलियसचे वाढले. ज्या स्नायूसाठी व्यायाम चालला होता त्यालाच काम कमी मिळाले.

‘गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नका’ ही सूचना जवळपास प्रत्येक व्यायामशाळेत ऐकू येते. तिचा हेतू गुडघा वाचवण्याचा असतो. मेम्फिस विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३मध्ये तिची परीक्षा घेतली. वजन उचलण्याची सवय असलेल्या ७ पुरुषांनी खांद्यावर दांडा घेऊन बैठका मारल्या. एकदा मोकळेपणाने आणि एकदा पुढे आडोसा ठेवून, म्हणजे गुडघा पुढे जाणारच नाही अशा रीतीने. आडोशामुळे गुडघ्यावरचा पिळाचा भार सुमारे १५० न्यूटन-मीटरवरून ११७वर आला. पण कंबरेच्या सांध्यावरचा भार २८वरून जवळपास ३०३वर गेला, म्हणजे दहापटीहून जास्त वाढला. भार नाहीसा झाला नाही. गुडघ्यावरून उठून कंबरेवर जाऊन बसला. गुडघ्याला दुखापत असलेल्याला ही सूचना उपयोगी पडू शकते. सगळ्यांसाठी तिचा नियम करणे मात्र योग्य नाही.

हाडांवर उमटलेली सवय

उकिडवे बसणे ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. तिची खूण हाडांवरही उरते. लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३मध्ये पंजाबी लोकांच्या पायांच्या हाडांचे वर्णन प्रसिद्ध केले. नडगीच्या हाडाची पुढची खालची कड आणि घोट्यातले हाड या दोन्ही ठिकाणी त्यांना लहान गुळगुळीत ठसे दिसले. घोटा पूर्ण वाकल्यावर ही दोन हाडे जिथे एकमेकांना टेकतात, तिथेच ते असतात. युरोपीय हाडांत ते क्वचित सापडत. आजही पुरातत्त्वज्ञ जुन्या सांगाड्यांत हे ठसे पाहून ती माणसे उकिडवी बसत असतील, असा अंदाज बांधतात.

टांझानियातील हाडझा हे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक दिवसाचे सुमारे १० तास विश्रांतीत घालवतात, म्हणजे शहरी कचेरीत बसणाऱ्यांहून फार कमी नाही. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या बसण्याची पद्धत तपासली गेली. या विश्रांतीचा बराच वेळ ते उकिडवे किंवा गुडघे टेकून बसतात, आणि उकिडवे बसताना पायांचे स्नायू खुर्चीत बसण्यापेक्षा जास्त जागे असतात, असे दिसले. पोटरीचा स्नायू हलता राहिला की पायातल्या शिरांमधले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते, हेही इथे लक्षात घ्यावे. पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हणतात ते यामुळेच.

घरात कमोड आला, जेवणाला टेबल आले, स्वयंपाक ओट्यावर आला. गुडघे दुखणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली, हे खरेच. पण ज्यांचे गुडघे ठणठणीत आहेत, त्यांच्याही घोट्यांना दिवसभरात पूर्ण वाकण्याची वेळ येईनाशी झाली. जो सांधा वापरात नाही, तो हळूहळू आखडतो.

तालमीतली बैठक या बाबतीत वेगळी आहे. पहिलवान खाली जाताना टाचा उचलतो आणि चवड्यांवर बसतो. टाच वर गेल्यामुळे घोट्याला फार वाकावे लागत नाही आणि धड सरळ राहते. पण सगळा भार चवड्यावर आल्याने पोटरीला सतत तोल राखावा लागतो आणि गुडघ्यावरचा ताणही वाढतो. म्हणून तालमीत कोवळ्या पोराला पहिल्याच दिवशी शेकड्याने बैठका मारायला लावत नाहीत. आकडा हळूहळू वाढवतात. वजन उचलणाऱ्या खेळाडूंच्या बुटाची टाच उंच असते, तीही घोट्याची ही अडचण कमी करण्यासाठीच.

बैठकांनी पोटरी भरते का?

नुसत्या बैठकांवर पोटरी कमावता येते, असे अनेक तरुण धरून चालतात. मांडी भरते, पोटरी मात्र काडीची काडीच राहते. कारण वर आलेच आहे. गुडघा वाकलेला असताना गॅस्ट्रोक्नेमियस सैल असतो, त्याला पुरेसा ताण मिळत नाही. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी संशोधकांच्या प्रयोगात हे स्पष्ट दिसले. माणसांनी १२ आठवडे एका पायाने गुडघा सरळ ठेवून आणि दुसऱ्या पायाने बसून, गुडघा वाकवून टाच उचलण्याचा व्यायाम केला. सरळ गुडघ्याच्या पायात गॅस्ट्रोक्नेमियसच्या बाहेरच्या भागाची वाढ सुमारे १२ टक्के आणि आतल्या भागाची सुमारे ९ टक्के झाली. वाकलेल्या गुडघ्याच्या पायात ती २ टक्क्यांच्याही आत राहिली. सोलियस दोन्हीकडे थोडासाच, जवळजवळ सारखा वाढला. तेव्हा बैठकांच्या जोडीला टाचा उचलण्याचा वेगळा व्यायाम हवाच.

तरुणांसाठी हा दिसण्याचा प्रश्न असेल, उतारवयात तो चालण्या-पडण्याचा होतो. वयानुसार स्नायू झडत आहेत का, हे चाचपण्यासाठी आशियाई तज्ज्ञगटाने २०१९मध्ये सुचवलेली एक सोपी खूण म्हणजे पोटरीचा घेर. पुरुषात तो ३४ सेंटिमीटरहून आणि स्त्रीत ३३ सेंटिमीटरहून कमी भरला, तर पुढची तपासणी करून घ्यावी.

घरी करून पाहण्यासारखे

घोटा किती मोकळा आहे, हे भिंतीपाशी कळते. अनवाणी उभे राहून अंगठा भिंतीपासून थोडा दूर ठेवावा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावावा. जमले तर पाऊल आणखी मागे घ्यावे. टाच टेकलेली ठेवून अंगठा आणि भिंत यांत १० सेंटिमीटरच्या आसपास अंतर राखता आले, तर घोटा पुरेसा मोकळा समजावा. दोन्ही पायांत फार फरक असेल तर तोही ध्यानात घ्यावा. ताण मागे पोटरीत जाणवला, तर स्नायू आखडला आहे आणि तो सरावाने सैल होतो. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटल्यासारखे दुखले, तर अडचण सांध्यात असू शकते. मग फिजिओथेरपिस्टला दाखवणे बरे.

सोलियस सैल करण्यासाठी याच स्थितीत, गुडघा वाकवून आणि टाच टेकवून अर्धा मिनिट थांबावे आणि हे प्रत्येक पायाने तीनदा करावे. गुडघा सरळ ठेवून दिलेला ताणही सोडू नये, चालताना त्याचा उपयोग आहेच. ताकदीसाठी ओट्याला हात लावून टाचा सावकाश उचलाव्यात आणि त्याहून सावकाश टेकवाव्यात. काही वेळा गुडघा सरळ ठेवून, काही वेळा किंचित वाकवून. निरोगी प्रौढाला एका पायावर सलग २५ वेळा टाच उचलता यावी, असा मापदंड १९९५मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी सुचवला होता. उतारवयात हा आकडा कमी भरणे स्वाभाविक आहे. सुरुवात दोन्ही पायांनी १० वेळा केली तरी पुरे.

बैठक मारताना टाचा उचलल्या जात असतील, तर तूर्त टाचांखाली अर्धा-पाऊण इंच जाडीची फळी ठेवावी आणि घोटा मोकळा होत जाईल तशी ती काढून टाकावी. उकिडवे बसण्याची सवय सुटली असेल, तर खिडकीचे गज किंवा दाराची चौकट धरून काही सेकंदांपासून सुरुवात करावी.

थांबायचे कुठे?

उकिडवे बसणे चांगले म्हणून तासन्‌तास बसणे चांगले, असे नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या हाडाच्या मानेला वळसा घालून पेरोनियल नस जाते. ती त्वचेच्या अगदी जवळ असते. खुरपणी-वेचणी करताना माणूस फार वेळ तसाच बसून राहिला, तर ती दबते. मग टिबियालिस अँटिरियर लुळा पडतो, पाऊल उचलले जात नाही आणि चालताना बोटे जमिनीला घासतात. स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांत हा त्रास दिसल्याने वैद्यकात त्याला त्यांच्याच कामाचे नाव पडले आहे. बीजिंगमधल्या वृद्धांच्या २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तरुणपणी रोज बराच काळ उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज अधिक आढळली होती. मधूनमधून उठणे आणि बसण्याची पद्धत बदलणे, हा यावर साधा उपाय.

गुडघा बदललेल्यांनी किंवा झीज वाढलेल्यांनी खोल बैठक डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागली आणि दुखू लागली, तर ती व्यायामाची ठणक समजून चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. टाचेच्या वर फटका बसल्यासारखे होऊन चवड्यावर उभे राहता येईना, तर अॅकिलिस कंडरा तुटलेली असू शकते. या दोन गोष्टींत वाट पाहू नये.

बाकीच्यांसाठी हिशेब सोपा आहे. पुढच्या वेळी बैठक अर्ध्यावर अडली, तर मांडीवर वजन वाढवण्याआधी एकदा भिंतीपाशी जाऊन घोटा तपासून पाहावा.